अस्तरातलं नाव

पोर्ट मार्गोत माणसाला दोन नावं असत. एक हाकेचं आणि एक खरं. हाकेचं नाव गाव ठेवी, आणि ठेवताना ज्याचं त्याला विचारायची पद्धत नव्हती. कोणी सातव्या वर्षी शेजारणीच्या चुलीवरचा खारा मासा पळवला, की तो सत्तराव्या वर्षी कबरीत उतरेपर्यंत 'खारामासा'. एकाला स्वतःच्या लग्नात उचकी लागली होती, तर त्याच्या मुलांनाही गाव 'उचकीची पोरं' म्हणे. खरं नाव पाद्रीबाबा बाप्तिस्म्याच्या वेळी एकदाच उच्चारत, आणि त्यानंतर ते फक्त आईजवळ राही. माणूस मेला, की मात्र ते कबरीच्या दगडावर उघड कोरत, कारण मेलेल्याला कोण झिजवणार? खरं नाव शत्रूच्या हाती लागलं, की तो ते कागदावर लिहून बाटलीत घालतो, बाटली तुमच्या उंबऱ्याखाली पुरतो आणि तुम्ही झिजत जाता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चच्या वहीत सगळी नावं होती म्हणा. पण कुठलं नाव कोणाच्या अंगावर चढलंय हे वहीत नव्हतं, आणि पाद्रीबाबांना विचारावं तर ते ठार बहिरे. लग्न लागताना बायकोला नाव कळतं, म्हणून लग्नच न लावता सहा मुलांचा संसार करणारे पुरुष गावात होते. निदान कारण तरी ते हेच सांगत.

अशा गावात डार्न्ली स्कीट शिंपी आला. महायुद्ध संपलं त्या वर्षी बार्बेडोसहून कांदे घेऊन येणाऱ्या एका गलबतानं त्याला धक्क्याऐवजी अलीकडच्या वाळूवर सोडलं. धक्क्यावर उतरलं की परक्याला अनामत भरून उतरल्याचा कागद घ्यावा लागे. स्कीटजवळ कात्री होती, दोन इस्त्र्या होत्या, अनामत नव्हती. इस्त्र्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून तो त्रिनिदादमध्ये शिरला. गावानं आठवडाभर त्याला निरखलं. माणूस उंचीनं बेताचा, आणि त्याचं बार्बेडोस बेटही बेताचं. हाकेचं नाव पडलं, 'अर्धबेट'.

"काय रे अर्धबेट, तुमच्याकडे म्हणे पाय लांब करून झोपलं की समुद्रात जातात?" धक्क्यावरचे हमाल विचारत.

"जातात ना," स्कीट म्हणे. "पाय धुऊन धुऊन कंटाळलो. इकडे कोणी धूतच नाही असं ऐकलं, म्हणून आलो."

असं उत्तर देणाऱ्याला पोर्ट मार्गो जेवायला बोलावतं. स्कीटलाही बोलावलं. वर्षभरात त्यानं फिलोमीनशी लग्न केलं. ती चर्च झाडायची, कबरी धुवायची, आणि आईकडून आलेलं दोन खोल्यांचं घर तिच्या नावावर होतं. पुढची खोली दुकान झाली.

शिवण त्याची सुरेख होतीच, पण गाव वश झालं ते एका फितीमुळं. ब्रिजटाउनच्या ज्या म्हाताऱ्या शिंप्याकडे तो शिकला, त्याची एक रीत होती. कोटाच्या डाव्या बाजूला, अस्तराच्या आत, बरोबर काळजावर, बोटभर पांढरी फीत लावायची, आणि तिच्यावर निळ्या दोऱ्यानं मालकाचं खरं नाव काढायचं. वरून अस्तर शिवून टाकायचं. म्हातारा म्हणे, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले कबरीतून उठतील, तेव्हा देवदूत घाईत असणार. चेहरे ओळखत बसायला त्याला वेळ कुठला? तो कोट उघडून बघेल.

पोर्ट मार्गोला हे इतकं पटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच गावाला वाईट वाटलं. इथं माणूस जन्मात एकच चांगला कोट शिवतो. त्याच कोटात ईस्टर, त्याच कोटात दुसऱ्यांच्या अंत्ययात्रा आणि शेवटी त्याच कोटात स्वतःची. पण फितीसाठी खरं नाव सांगावं लागे. गिऱ्हाईक दार लावून घेई, खिडकी लावून घेई, स्कीटच्या कानाशी वाकून एकदाच कुजबुजे. त्या वेळी स्कीटच्या ओठांत सात-आठ टाचण्या धरलेल्या असत. तोंडात टाचण्या असलेला माणूस बोलत नाही, यावर गावाचा विश्वास बसला. दहा वर्षांत अर्ध्या गावाची खरी नावं त्या एका डोक्यात जमा झाली. तो ती कुठं लिहून ठेवत नसे. बायकोलाही सांगत नसे. त्याबद्दल गावानं त्याचं 'अर्धबेट' हे नाव मागं घेतलं आणि त्याला 'मास्टर' म्हणायला सुरुवात केली. पोर्ट मार्गोच्या इतिहासात गावानं हाकेचं नाव मागं घेतल्याचं हे एकमेव उदाहरण.

हातोडा आला तो दिवस स्कीटच्या चांगला लक्षात राहिला. हातोडा म्हणजे धक्क्यावरच्या हमालांचा म्होरक्या. साखरेची दोन पोती दोन बगलेत मारून फळीवरून शीळ घालत चढणारा. त्यानं दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला, आणि टेबलावरची इस्त्री हातात घेतली.

"हसलास तर हीच फिरवीन तोंडावर."

स्कीटनं टाचण्यांमधूनच मान हलवली.

"मारी-रोझ," हातोडा म्हणाला.

स्कीटनं डोळे मिटून घेतले. खांदे मात्र त्याला आवरले नाहीत.

"हसतोयस!"

"उं-हूं."

"माझ्या आधीचे तिघं मुलगे गेले रे आईचे. तिनं कुमारी मातेला नवस केला, की चौथं जगलं तर त्याला तुझं नाव ठेवीन. मुलगी होणार असं धरून बसली होती बया. नवस तो नवस. पुढं ऑक्टाव्ह आहे आडनाव, पण त्यानं काय झाकतंय?" त्यानं इस्त्री खाली ठेवली. "आईनंतर तुलाच सांगितलं. बहिणीला पण माहीत नाही. बारीक अक्षरात काढ."

स्कीटनं बारीक अक्षरात काढलं. जन्मातलं सर्वांत नाजूक काम त्यानं त्या फितीवर केलं.

मग तो राजकारणात पडला. पडला म्हणजे गावानंच ढकलला. नगरसभेत सात जागा होत्या आणि सहा सभासद सभेत झोपत. गावाला जागा राहणारा माणूस हवा होता. "ज्यानं आपली नावं सांभाळली, तो आपला नळ नाही सांभाळणार?" असं भाषण हातोड्यानं पिंपावर उभं राहून केलं आणि स्कीट निवडून आला. वरच्या गल्लीला नळ त्यानं खरोखरच आणला. सरकारला असा झोडपायचा, की झोपलेले सहा जण दचकून उठत आणि ठरावाच्या बाजूनं हात वर करून परत झोपत. हमालांच्या संघाचा अध्यक्ष हातोडा, उपाध्यक्ष स्कीट. फिलोमीन चर्चच्या पायऱ्या झाडताना मान जरा वर करून झाडू लागली.

कॅप्टन हॉलोवे पोलीस ठाण्याचा मुख्य. तो विजार सैल करून घ्यायला आला, ते अंगावर चरबी चढली होती म्हणून. निदान सुरुवातीला तेवढंच.

"स्कीट, भाषणं जोरात करतोस."

"लोकांची कामं असतात, साहेब."

"उतरलास कुठल्या साली?"

स्कीटनं साल सांगितलं.

"आणि कुठल्या बंदरात?"

स्कीटनं तोंडात टाचण्या घातल्या.

"नवीन यादी करायची आहे," कॅप्टन आरशात स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाला. "बिनकागदाचे, बाहेरच्या बेटांवरून आलेले लोक. आले तसे परत पाठवायचे. तुझं नाव मी अजून घातलेलं नाही. कमरेला दोन बोटं सोड."

बार्बेडोसला परत जायचं म्हणजे काय, हे स्कीटलाच ठाऊक होतं. तिथं गरिबाचं घर फळ्यांचं, जमीन मळ्याची. तो नऊ वर्षांचा असताना बाप मुकादमाला एकदा उलट बोलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घर फळी-फळीनं उचलून बैलगाडीत घालावं लागलं. ज्या मळ्यावर जावं तिथं निरोप आधीच पोचलेला. घर तीन दिवस रस्त्यावर होतं, आणि गाडीतल्या फळ्यांवर आईच्या शेजारी बसून स्कीट येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होता. ती माणसं हसत नव्हती, बोलत नव्हती. बाजूनं जात होती. माणूस काहीही करील, पण परत त्या गाडीत बसणार नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. काहीही म्हणजे काय, ते तेव्हा ठरवायची गरज पडली नव्हती.

त्याच महिन्यात धक्क्यावर संप झाला. साखर गोदामात पाझरायला लागली. कॅप्टननं हातोड्यावर खटला भरला, पण न्यायाधीश नियमाचा माणूस. आरोपपत्रावर 'हातोडा, पूर्ण नाव अज्ञात' असं वाचून त्यानं चष्मा काढला.

"हे न्यायालय अवजारांवर खटले चालवत नाही," तो म्हणाला. "नाव आणा."

हातोडा हमालांच्या खांद्यांवरून मिरवत गावात आला. त्या मिरवणुकीत सर्वांत पुढं उपाध्यक्ष स्कीट नाचत होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन पुन्हा विजार घेऊन आला. या खेपेला ती सैल करायची नव्हती, घट्टही करायची नव्हती.

"यादी आज वर पाठवतोय," तो म्हणाला. "एक जागा शिल्लक आहे. तुझं नाव लिहू, की तू मला एक नाव देतोस?"

नुसतं नाव तर द्यायचंय, असं स्कीटनं मनाशी म्हटलं. नावानं कोणी मरतं का? बाटलीबिटली या अडाणी लोकांच्या समजुती. आपण बार्बेडोसची माणसं, शिकलेली. त्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुईगादीवर ओळीनं टोचल्या.

"मारी-रोझ ऑक्टाव्ह," तो म्हणाला.

कॅप्टन हसला नाही. त्यानं स्पेलिंग विचारलं.

वॉरंट धक्क्यावर दुपारी वाचलं गेलं. सगळे हमाल जमले होते. बायका डब्यांतून भात आणि कॅसाव्हा घेऊन आल्या होत्या. शिपायानं कागद नाकासमोर धरला.

"मारी-रोझ ऑक्टाव्ह, ऊर्फ हातोडा!"

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी "मारी-रोझ?" म्हणालं, आणि अख्खा धक्का फुटला. इतकं हसू पोर्ट मार्गोत कार्निव्हलला पण येत नाही. खारामासा पोत्यावर लोळत होता. "ए रोझ! झगा कुठं ठेवलास, रोझ?" हातोड्यासाठी जे महिनाभर उपाशी राहिले होते, तेच पोट धरून हसत होते, आणि मधोमध तो सहा फुटी माणूस उभा होता. त्याच्या हातात अजून काही घातलेलं नव्हतं, तरी त्याचे हात कोणी बांधल्यासारखे दिसत होते. दोन पोलिसांना त्यानं सहज पाण्यात फेकलं असतं. त्यानं मनगटं पुढं केली.

हसू ओसरल्यावर तो बोलला. मोठ्यानं नाही.

"हे नाव मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं. आणि आईला माहीत होतं. आई मेलीय."

त्यानं स्कीटकडे पाहिलंही नाही. त्याची गरज नव्हती. गर्दीतल्या प्रत्येक पुरुषाचा हात नकळत आपल्या छातीच्या डाव्या बाजूला गेला.

हातोड्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. पाचव्या महिन्यात, तुरुंगाच्या खाणीत, ताप असताना कामाला काढलं म्हणून तो गेला. तिथंच पुरला. बहीण इस्मेनला पत्र आलं, त्यात त्याचं नाव बरोबर लिहिलं होतं.

स्कीट घराबाहेर पडायला घाबरत होता. आता दगड येणार, दुकान पेटणार. पण गावानं काहीच केलं नाही. "गुड मॉर्निंग, मास्टर" तसंच राहिलं. उलट कामं वाढली. हातोड्याची बातमी आल्यानंतरच्या पंधरवड्यात संघाचे तेरा जण एकामागून एक कोट शिवायला आले. दार लावत, खिडकी लावत, कानाशी वाकत. स्कीटला वाटलं, मारी-रोझच्या हसण्यात खरी गोष्ट वाहून गेली. त्याला गावाची कीवही आली. ही कीव फार दिवस टिकली नाही. कॅप्टन संघाच्या उरलेल्या पुढाऱ्यांची नावं मागायला आला, आणि स्कीटनं तेराही दिली. एकदा टाचण्या काढल्या की पुढच्या वेळी काढायला सोप्या जातात.

तेरा समन्स निघाले. कोर्टाच्या पायरीवर उभं राहून शिपायानं पहिली हाक दिली.

"सिल्व्हेस्तर मॉन्त्रिशार!"

कोणी उठलं नाही. दुसरी हाक. तिसरी.

"तो नाही यायचा रे बाळा," बाकावरची एक म्हातारी म्हणाली. "देवीच्या साथीत गेला तो. तिसरी ओळ, आंब्याखाली. हवं तर समन्स तिथं ठेवून ये, वारा नसतो तिकडे."

"अनातोल पियेर!"

"बुडाला. नव्वद साली."

"इझिदोर..."

"विहिरीत पडला, बिचारा! पितोबिता नव्हता हो, उगाच लोक म्हणतात."

आठव्या नावाला न्यायाधीशानं हातानं थांबवलं. ते नाव त्याच्या सासऱ्याचं होतं. सासराही याच दफनभूमीत होता, संगमरवराखाली. कोर्टात कोणी हसलं नाही. सगळं गाव टोपी काढून, मान खाली घालून उभं होतं. मेलेल्यांची नावं घेतली जात असताना उभं राहतात तसं.

कॅप्टननं स्कीटला ठाण्यात बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"शुक्रवारी गलबत सुटतं," तो म्हणाला. "तुझं नाव यादीत घातलंय. ते मात्र मला नीट माहीत आहे."

"साहेब, मला फसवलं त्यांनी! मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी तू काय केलंस, ते आज न्यायाधीशांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही." मग कॅप्टन जरा नरमला, की तसं दाखवलं. "कायद्यात एक सोय आहे. गावात स्वतःचं घर असलेल्या दोन माणसांनी तुझ्या वर्तनाची हमी देऊन सही केली, तर राहता येतं. दोनच सह्या. एवढा लोकप्रिय नगरसेवक तू. ने कागद."

दोन सह्या! स्कीटला हसू आलं. ज्या गावात त्यानं नळ आणला, ज्या गावाच्या कोटाचा प्रत्येक टाका त्याचा, तिथं दोन सह्या मिळणार नाहीत? तो आधी शाळेत गेला. मास्तर लेझामा फळ्यावर पाढे लिहीत होते.

"या, मास्टर! बसा, बसा. मॉबी घेणार? थंड आहे." लेझामांनी कागद संपूर्ण वाचला. दोनदा वाचला. "चांगला लिहिलाय. आणि तुमच्या वर्तनाबद्दल मला काय शंका? पण अडचण अशी, मास्टर, मला लिहिता येत नाही."

स्कीटनं फळ्याकडे पाहिलं.

"हे?" लेझामांनी बोटांवरचा खडू झटकला. "हे आपलं असंच. मुलांना बरं वाटावं म्हणून."

वर्गातली चाळीस मुलं पाटीवर पाढे उतरवत राहिली.

किराणा दुकानदार रामसमूज, ज्याचा बाप कलकत्त्याहून उसाच्या मळ्यावर आला होता, त्यानं तर स्कीटला आत नेऊन पाटावर बसवलं, दालपुरी वाढली, भोपळ्याची भाजी वाढली, वर तूप.

"खा मास्टर, खा. परकी माणसं आपण दोघं. आपणच एकमेकांना बघायचं."

"म्हणूनच आलो, रामसमूजभाऊ. एक सही."

"सही?" रामसमूज गोंधळल्यासारखा झाला. त्याच्या कानावर पेन्सिल होती. ती त्यानं काढून खिशात ठेवली. "आमच्या घराण्यात कोणी लिहीत नाही हो. आणखी एक पुरी घ्या."

दोन दिवस हे चाललं. कोणी दार बंद केलं नाही, कोणी वावगा शब्द बोललं नाही. प्रत्येक घरी त्याला कोको मिळाला, खोबऱ्याचा पाव मिळाला, तब्येतीची चौकशी झाली. आणि प्रत्येक घरी हेच. वकिलाच्या कारकुनाला लिहिता येत नव्हतं. टपाल-मास्तरला लिहिता येत नव्हतं. नगरसभेचे सहा सभासद झोपले होते. इतकं सुशिक्षित गाव दोन दिवसांत इतकं निरक्षर झाल्याचं दुसरं उदाहरण सापडायचं नाही. एवढं खाऊन स्कीटचं पोट मात्र बिघडलं.

बुधवारी संध्याकाळी, पाय दुसरीकडे कुठं न्यावेत ते न कळून, तो इस्मेनच्या दारात उभा राहिला. हातोड्याची बहीण. धक्क्यावर तळलेल्या पोळ्या विकायची, घर स्वतःचं. कागद त्यानं पाठीमागं धरला होता. तिनंच हात पुढं केला.

"आण तो कागद. किती सह्या लागतात?"

"दोन."

तिनं दौत शोधली, टाक शोधला, टेबल पुसलं, आणि सावकाश, शाळेतल्या पोरीसारखं जीभ बाहेर काढून, पूर्ण नाव लिहिलं. स्कीटचे डोळे भरून आले. तो तिच्या पायांशी वाकणार, तेवढ्यात तिनं कागदावर फुंकर घातली.

"एक झाली. आता तुला एकाच घरी जायचंय. उद्याचा पूर्ण दिवस आहे. एक पण नसती ना, तर तू आजच आशेवर पाणी सोडलं असतंस. ते मला नको होतं."

खरंच एकच घर राहिलं होतं. फिलोमीन भाजी निवडत होती. घर तिच्या नावावर. आणि तिला लिहिता येत नाही असं तिला म्हणता येणार नव्हतं, कारण लग्नाच्या वहीत तिनं त्याच्यासमोर सही केली होती. कागद त्यानं तिच्यापुढं ठेवला.

"इस्मेननं केली," तो म्हणाला. "बघ, फिलो. इस्मेननं!"

"बघितलं."

"तुझी झाली की संपलं. बाहेर तोंड सुद्धा काढणार नाही मी. भाषण नाही, काही नाही. शिवीन आणि गप्प बसेन."

तिनं पालेभाजीची जुडी बाजूला ठेवली.

"स्कीट, हातोड्याचं नाव तू दिलंस तो दिवस. सकाळी दिलंस ना?"

"हो."

"दुपारी त्याला नेलं. मग तू घरी आलास. मी कालालू केलं होतं, खेकडे घालून. आठवतं?"

त्याला आठवत होतं.

"तू दोनदा वाढून घेतलंस," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणालास, जरा तिखट असतं तर. मी मिरची वाटून दिली. मला काय ठाऊक? तू खेकड्याचा प्रत्येक पाय फोडून चोखलास, स्कीट."

"भूक लागली होती, फिलो." याहून खरं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

"तेच तर. तेरा नावं मी निवडून दिली त्यांना. कबरी मीच धुते, मला पाठ आहेत. तू कॅप्टनला एक जरी द्यायला कचरला असतास, एक जरी विसरलास म्हणाला असतास, तरी मी सही केली असती. मी रोज वाट बघत होते. तू तेराच्या तेरा दिलीस." तिनं जुडी परत मांडीवर घेतली. "शुक्रवारचे कपडे धुऊन ठेवलेत. इस्त्र्या दोन्ही नेणार, की एक?"

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्याला गलबतावर चढवलं. बंदराच्या कारकुनानं एका सहीचा कागद पाहिला, उलटा करून मागं दुसरी आहे का तेही पाहिलं, आणि शिक्का मारला. दोर सुटला, शीड चढलं, गलबत धक्क्यापासून वीसेक हात लांब गेलं. आणि वारा पडला.

असा पडला, की शिडाची सुरकुतीही हलेना. खलाशी पत्ते खेळायला बसले. वर ऊन, खाली आरशासारखं पाणी, आणि मधे कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर नगरसेवक डार्न्ली स्कीट, अख्ख्या पोर्ट मार्गोच्या समोर. त्याला वाटलं, आता शिव्या येतील. कोणी निदान एक दगड मारील. तो वाट बघू लागला. दगड लागला असता तर त्याला जरा बरं वाटलं असतं. पण धक्क्यावर काम चालू होतं. पोती चढत होती, उतरत होती. बाराला जेवणाची सुट्टी झाली. माणसं कडेला पाय सोडून बसली आणि डबे उघडून जेवली. फिलोमीन छत्री घेऊन आली, इस्मेनच्या पोळ्यांच्या टोपलीशेजारी बसली, आणि दोघी तुरीच्या शेंगा सोलू लागल्या.

"फिलो!" तो एकदा ओरडला. पाण्यावरून आवाज स्पष्ट गेला.

तिनं मान वर केली. शेंगांचा ढीग बघितला, आणि इस्मेनला काहीतरी म्हणाली. बहुतेक दाणे किडके निघताहेत असं काहीसं.

पावणेतीनला वारा सुटला.